साडेदहाची यौ-लहर

तैवानमधल्या तैनानच्या विद्यापीठात आमची वीज-संशोधकांची टोळी आहे. भिंतीतल्या प्लगला यंत्र जोडायचं आणि विजेच्या दाबाच्या चढउतारावरून शहराच्या विजेत कुठे काय चाललंय ते ओळखायचं, हे आमचं काम. मी, यौ पिंगरुई, त्यातला सर्वांत जुना विद्यार्थी. सातवं वर्ष. या जुलैअखेर पीएचडी झाली नाही, तर विद्यापीठ हाकलून देणार. आई बाजारात शेजारणींना टाळते. म्हणते, "पोरगा अजून शिकतोय, हे किती वर्षं सांगू?"

पण माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. रोज सकाळी साडेदहाला दाब किंचित खाली जायचा, तो बारापर्यंत खालीच. शनिवार-रविवारी काही नाही. हा शहराबाहेरच्या कुठल्यातरी कारखान्याचा प्रताप, असं मी ठरवूनच टाकलं. त्याला स्वतःचं आडनाव दिलं, 'यौ-लहर', आणि त्यावर प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण लिहिलं. एकशे दहा पानं! अक्कल म्हणून जी काही होती, ती सगळी त्यात ओतली.

मे महिन्यात लहर एकाएकी गायब. तीन दिवस पत्ता नाही. मी यंत्र उघडलं, वायरी बदलल्या, माझे मार्गदर्शक ज्यान सर, त्यांची बोलणी खाल्ली. आणि दुपारी सगळ्यांबरोबर फ्रिजमधला गारढोण भात गिळत कुरकुरलो, "आजही डबे कुणी गरम केले नाहीत?" तीन दिवस! तरी टाळक्यात उजेड पडला नाही.

चौथ्या दिवशी साडेदहाला लहर परत आली. मी आनंदाने ओरडलोच. शेजारच्या खोलीतून लुआन मावशी धावत आल्या. त्या आमच्या विभागाच्या मदतनीस. उपकरणांच्या किल्ल्यांपासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं त्यांच्याकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नुकत्याच कामावर आलेल्या, एका डोळ्याला पट्टी.

"काय रे, शॉक बसला का?"

"मावशी, आली! बरोबर साडेदहाला आली!"

"कोण आली? साडेदहाला तर मी डबे लावते."

डबे. वाफेच्या स्टीलच्या पेटीत वीस जणांचे डबे. पेटीची वायर कुठे जाते ते बघायला मी गुडघ्यांवर बसलो. माझ्या यंत्राच्याच लाईनवर होती. भाताच्या वाफेला मी घराण्याचं नाव दिलं होतं!

मावशींना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई! माझ्यामुळे तुझं शिक्षण बुडालं? हे बघ, मी कुणापाशी बोलत नाही. तुझी परीक्षा होईपर्यंत रोज वेळेवर पेटी लावते. पुढे मी निवृत्तच होणार. कुणाला कळतंय?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू? कुठे कुठे सारवासारव करावी लागेल, ते बघायला मी जुन्या नोंदी उघडल्या. मागच्या नोव्हेंबरात नऊ दिवस लहर नव्हती. तिथे मी 'यंत्रबिघाड' लिहून ती जागा आकडेमोडीने भरून काढली होती.

"मावशी, नोव्हेंबरात नऊ दिवस पेटी बंद होती?"

"हो. आमचे हे गेले ना तेव्हा." पट्टीच्या डोळ्याला हात लावता येईना, म्हणून त्यांनी दुसराच पुसला. "दहाव्या दिवशी आले. घरी बसून तरी काय करायचं? आणि तुम्ही पोरं थंड जेवत होतात."

ते नऊ दिवस मी इथेच होतो. थंड भाताला नावं ठेवली, पण मावशी कुठे आहेत असं एकदाही विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच सरांकडे गेलो. "सर, चौथं प्रकरण रद्द. ती आपली डब्यांची पेटी आहे."

सरांनी चष्मा काढला. "सात वर्षं त्याच पेटीतलं जेवतोयस, पिंगरुई!"

"हो, सर."

"उरलेल्या तीन प्रकरणांवर निभेल?"

"माहीत नाही, सर."

जागेवर येऊन नोंदी उघडल्या. 'यंत्रबिघाड' खोडून त्या नऊ दिवसांपुढे लिहिलं, 'लुआन मावशींचे यजमान वारले.' मग मी भरलेले आकडे एकेक करून पुसले आणि ती जागा रिकामी ठेवली.