पेल्मेट निघालं नेऱ्यातून

हसायचं नाही, आधीच सांगतो. म्हणजे हसणार तुम्ही, ते मला माहीत आहे. निदान हातातला चहा खाली ठेवा. मागे हेच ऐकताना आमच्या मेव्हण्याने सोफा रंगवला होता.

पेल्मेट माहीत आहे ना? पडद्याचा दांडा झाकायला खिडकीच्या डोक्यावर कापड चढवलेली लांबुडकी पेटी असते, ती. आम्ही मूळचे लातूरचे, नोकरी हिंजवडीत, फ्लॅट जवळच्याच नेरे गावात. नवीन घरात आल्या आल्या वृषालीच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, डोक्यात ते पेल्मेट शिरलं. इंटीरियरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटलं, "एवढ्यात तर दुसरी खिडकी येईल! मीच करतो."

"करा," ती म्हणाली, "पण घरात नाही. तुमच्या शू-रॅकचा भुसा अजून तुरीच्या डाळीत निघतोय."

आता कुठे करायचं? सोसायटीच्या मागे सोपानमामांची पत्र्याची शेड आहे. मामा शेळ्या पाळतात, आमच्या लेकीला करडांचं वेड, म्हणून ओळख. विचारलं तर म्हणाले, "करा की! शेळ्या काय तक्रार करत न्हाईत."

रविवारी सकाळी कामाला लागलो. जुनी प्लायची फळी, गादीवाल्याकडचा उरलेला फोम आणि सेलमधलं मोरांच्या छापाचं कापड. फोम चिकटवायचं ते पिवळं सोल्युशन असं काही डोळ्यांत चढलं की धारा लागल्या! एका शेळीने तेवढ्यात एका मोराची शेपटी खाल्ली. तो मोर भिंतीच्या बाजूला वळवला. पण दुपारपर्यंत पेल्मेट तयार! काय गुबगुबीत झालं होतं म्हणून सांगू. साडेसहा फूट लांब!

आता हे न्यायचं कसं? मागून सोसायटीला दार नाही, गावातून वळसा घालावा लागतो, आणि रस्त्यावर डंपरची धूळ. कापड मळू नये म्हणून मी त्यावर घरची जुनी पांढरी चादर गुंडाळली. चादर उडू नये म्हणून चार ठिकाणी सुतळी बांधली. डोळे चुरचुरत होते म्हणून डोक्याचा पांढरा रुमाल सारखा डोळ्यांना लावत होतो.

पुढे मामा, मागे मी. पेल्मेट खांद्यावर.

हां, तुम्हाला दिसलं ना? मला नाही दिसलं!

पाराजवळ बसलेले तात्या उठून उभेच राहिले. टोपी काढून म्हणाले, "कवा झालं?"

"आत्ताच, तासाभरापूर्वी," मी डोळे पुसत, पण खुशीत.

"घरीच?"

"छे हो, मामांच्या शेडमध्ये. घरी बायको करू देईना. कचरा होतो म्हणते."

तात्यांनी तोंडावर हात ठेवला. "आन झालं तरी कशापायी?"

"बायकोच्या हट्टापायी, दुसरं काय!"

"लई उंच दिसतुया."

"साडेसहा फूट! मीच मापात बसवलं. आता घरी नेऊन वर टांगतो."

तात्या हलक्या आवाजात शेजारच्याला म्हणाले, "पोराला धक्का बसलाय रं. चला, खांदा द्या."

दोन गडी धावत आले आणि मधे खांदा दिला. तात्या मागून चालू लागले, त्यांच्या मागे आणखी पाच-सहाजण. माझं मन भरून आलं! एका पेल्मेटसाठी गाव असं धावतं? मी मनात म्हटलं, शहरातले लोक उगाच नावं ठेवतात खेड्यांना.

वळणावर एक म्हातारी आडवी आली. "लेकरा, तोंड तरी बघू दे रं एकदा."

"आत्ता नको आजी, धूळ बसेल. घरी या, लावल्यावर निवांत बघा."

आजींनी जो हंबरडा फोडला, तो आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचला असणार. कारण आम्ही गेटवर पोचतो तोच वृषाली अनवाणी धावत खाली आली. वॉचमन सावधानमध्ये उभा. समोर गर्दी, गर्दीत मान खाली घातलेले सोपानमामा, त्यांच्या खांद्यावर पांढरं गुंडाळलेलं ते लांबलचक प्रकरण, आणि त्यावर तिच्या माहेरची चादर. मी गर्दीच्या मागे झाकलेला.

"अहोऽऽ!" ती किंचाळली.

"काय गं?" मी मागून.

सगळे दोन पावलं मागे सरले. वृषालीने मला बघितलं, चादर बघितली आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळा होता. "मग हे कोण आहे?"

"कोण काय! आपलं पेल्मेट!" मी सुतळ्या सोडून चादर ओढली. उन्हात सगळे मोर झळकले.

मग आजी पदराने नाक पुसत म्हणाल्या, "मेल्या, रडवलंस की फुकट!" आणि सगळा घोळका जो हसत सुटला!

मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"पाराजवळच कळलं," मामा शांतपणे म्हणाले. "पन तुमी इतकं झ्याक बोलत हुता, मदी कशाला तोंड घालायचं?"

सगळ्यांना वर नेऊन चहा पाजावा लागला. पेल्मेट त्यांनीच धरलं, मी ड्रिल मारलं. लागलं झकास! तात्यांनी फोम दाबून बघितला आणि नुसती मान डोलावली. मला वाटलं, आवडलं त्यांना.

आवडलं होतंच. पण भलत्याच कारणासाठी. पुढच्या रविवारी वॉचमनचा इंटरकॉम आला. गेटवर एक अनोळखी माणूस उभा. मी खाली गेलो.

"ते गादीवाली तिरडी बनवनारे साहेब तुमीच का?"

मी मागे वळून बघितलं, दुसरे कोणी साहेब उभे आहेत का.

"तात्यांनी सांगितलं. आमचं म्हातारं ठणठणीत हाय, घाई न्हाई. पन हट्टच धरून बसलंय, जाईन तर तसल्या मऊ तिरडीवरच!"

आता शहाण्या माणसाने काय करावं? हात जोडावेत, गैरसमज दूर करावा, वर निघून यावं. माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"माप आणलंय का?"