खालचा आकडा

भगत गुरुजी शेकडेवारीचं गणित खालून वर लिहायचे. आधी आडव्या रेघा, मग रेघेखालचा आकडा, शेजारच्या रेघेखाली शंभर. वरचा आकडा सगळ्यांत शेवटी. खडूचा तुकडा बिडीसारखा कानावर अडकवून विचारायचे, "कितीपैकी? थे सांग पहिले. खालचा आकडा मालूम नाही, तर वरच्याले काय चाटाचं हाय?"

महागावजवळच्या आमच्या मिडल स्कूलमध्ये सातवीला आम्ही तीसजण होतो. कापूस फुटला की त्यातल्या दहा मुली वेचणीला जायच्या. मीही त्यांतली. शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार म्हटल्यावर हेडमास्तरांनी फर्मावलं, "या दहाजणींची नावं काटा. हजेरी झटक्यात नव्वदीला जाईल." नाव कटलं की वार्षिक परीक्षा बुडाली. गुरुजींनी साफ नकार दिला. "हजेरी कमी हाय, तर कमी लिवा. पोरी काहून कमी करता?" हेडमास्तरांनी रागारागाने स्वतःच नवं हजेरीपुस्तक केलं. त्यात वीसच नावं होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी थेट शेतात आले. माय ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करत होती.

"उद्या शेवंताले शाळेत धाडा."

"नाव तं कटलं म्हन्तेत ना, गुरुजी? मंग कायले धाडू?"

"कटलं म्हनूनच धाडा, बाई."

मायने माझ्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि मान हलवली. एका दिवसाची मजुरी तिने सोडली, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "शेकडेवारी झाली का?" गुरुजींनी मला फळ्यापुढे उभं केलं. "शेवंता, आज वर्गात किती जन हायेत, मोज." मला धरून अठरा भरले. "आता खालचा आकडा लिव." मी खडू उचलला. "वीस लिही, वीस!" हेडमास्तर दारातून म्हणाले. गुरुजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बोटांवर मोजत कटलेली दहा नावं खणखणीत म्हटली. दहावं नाव माझं होतं.

मी तीस लिहिलं. शेजारी शंभर. मग तिसावर अठरा. तिसाला अठरा, तर शंभराला साठ. "साठ टक्के!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी शाळेत कधी बोलले नव्हते.

साहेबांनी लाल शाईने साठ लिहिलं आणि दहाही नावं परत घालायला लावली. गुरुजींची बदली मात्र महिन्याभरात केळापूरकडे झाली. ती कोणी घडवून आणली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही मुली रडायला लागलो, तर ते खवळले. "रडून कायले राह्यल्या? मी कटलो नाही, नुसता सरकलो. परीक्षेले बसा."

निकालानंतर त्यांचं पोस्टकार्ड आलं. एकच प्रश्न होता: दहापैकी किती? सातजणी पास झालो होतो, तिघी परीक्षेला आल्याच नव्हत्या. मी ऐटीत लिहिलं, "सत्तर टक्के." शाबासकीची वाट पाहत राहिले.

उलट टपाली उत्तर आलं: "उरलेल्या तिघी कुठे आहेत?"

मला माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली. कार्ड हातात घेऊन मी तशीच घराबाहेर पडले आणि पहिल्या मुलीचं दार वाजवलं.