ताटं वाजायची वेळ

आमचं घर वणीजवळच्या एका कोळसा खाणीपासून दीड-दोन किलोमीटरवर. रोज दुपारी अडीचच्या सुमारास खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा, मग जमिनीतून हादरा, आणि मांडणीवरची ताटं खणखणतात. खडकात सुरुंगाचे बार भरणाऱ्यांत माझा नवरा आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली. दिवसभरात त्याच्याकडून मला येणारा निरोप म्हणजे हा ताटांचा खणखणाट, एवढाच.

साडेपाचला घरी आला की आंघोळ करायचा आणि विचारायचा, "भाजी कायची केली वो?" मी सांगायची. संपलं बोलणं. मारहाण नाही, दारू नाही. राळेगावला माहेरी गेले असताना आईजवळ एकदा कंटाळ्याचं काढलं, तर ती फिस्कारली, "सोन्यासारखा नवरा आहे तुले, कंटाळा कायचा येते?" एकदा मुद्दाम म्हटलं, आज भाजीच नाही केली. "मंग लोणचं दे," म्हणाला, टीव्हीवरची नजर न काढता. भांडायलासुद्धा माणूस समोर लागतं. मला इतका राग आला की मी लोणच्याची बरणीच त्याच्या ताटाशेजारी आदळली. त्याने फोड काढून घेतली.

मी ब्लाउज शिवते. मशीन बिघडलं तेव्हा दुरुस्तीवाला आला. पहिल्या खेपेला खरंच शटल अडकलं होतं. दुसऱ्या खेपेला स्क्रू मीच ढिला केला होता. त्याला ते कळलं आणि तो हसला. तिसऱ्या खेपेपासून त्याने मला वहिनी म्हणणं सोडलं. मी शिवलेला गळा उजेडात धरून म्हणाला, "असा हात वणीत कोनाचा नाही." ते वाक्य मी आठवडाभर पुरवून पुरवून खाल्लं. पुढच्या दोन महिन्यांत मशीन सारखं बिघडत राहिलं. काहून बिघडतं, असं नवऱ्याने एकदाही विचारलं नाही.

गेल्या भाद्रपदातल्या एका दुपारी दुरुस्तीवाला स्टुलावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "सोमवारी पार्ट आनाले चंद्रपूरले चाललो. येता काय? सांजच्या आत वापस येऊ." पार्ट आणायला दोन माणसं लागत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. माझं उत्तर ठरलेलं होतं. फक्त अडीच वाजत आले होते. ताटं वाजून जाऊ देत, मग हो म्हणू, असं मनात आलं.

भोंगा झाला. हादरा आला नाही. पावणेतीन झाले, तीन झाले.

"तिकडं काही झालं तं नाही?" तो म्हणाला. "फोन लावून पाहा."

फोन माझ्या शेजारी कात्रणांवर पडला होता. मी उचलला नाही. मला वाटलं, नवरा गेला. आणि छातीत धस्स व्हायच्या आधी अंग हलकं झालं. खोटं कशाला सांगू, हलकं झालं. आता सांजच्या आत परत यायची गरज नाही, हा विचार असाच्या असा, शब्दांत आला.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्याने अर्धा कप खाली ठेवला, पेचकस डब्यात टाकला आणि दारातून म्हणाला, "वहिनी, फोन लावा."

तो पुन्हा आला नाही. चार वाजता ताटं वाजली. तोवर मी जागची हलले नव्हते.

"हद्दीत म्हशी घुसल्या," साडेपाचला नवरा म्हणाला. "हाकलता हाकलता चार वाजले. भाजी कायची केली वो?" मी वाढायला घेतलं. भाजी दोनदा वाढली. त्याच्या लक्षात आलं नाही.

आता अडीचला ताटं वाजली नाहीत की मी लगेच फोन लावते. बारांजवळ मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो शेडमध्ये परत येईपर्यंत रिंग नुसती वाजत राहते. मी पुन्हा लावते, पुन्हा लावते. सोबतच्यांना तो कौतुकाने सांगतो, "बायको लय जीव लावते माह्यावर." फोन उचलला की हसतो, "जिता आहो वो." मीही हसते. रिंग वाजत असते तेवढा वेळ मला माझीच भीती वाटते, हे त्याला कोण सांगणार?