विडीच्या पानावर बसलेला हात

मी तोंडाची फटकळ. शिवणवर्गावर शिकवायला लागले तेव्हा नवऱ्याने बजावलं होतं, "कापड काप, माणसं कापू नकोस." मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

वर्ग भरायचा सोलापूरच्या पूर्व भागात, एका शाळेच्या दोन खोल्यांत. एका खोलीत विड्या वळणाऱ्या बायका शाळेचे गणवेश शिवायला शिकायच्या, शेजारच्या खोलीत त्यांच्या लेकरांची बालवाडी. मधलं दार उघडं ठेवायचं आणि आई येणार असेल तर लेकरूही आलंच पाहिजे, असे दोन नियम होते. मला ते नसते उपद्व्याप वाटायचे. शेवटी बालवाडीच्या बाईंनी समजावलं. विडीच्या घरात मुलगी जरा मोठी झाली की तिच्या बारीक बोटांना विडीची तोंडं दुमडायला बसवतात. आई सुपापुढून उठली नाही तर मुलगीही उठत नाही. उठवायचं तर दोघींना एकदमच.

त्या वर्षी एक बाई आली होती. घरात तेलुगू बोलणारी, नवऱ्याचा यंत्रमाग बंद पडलेला. पाच वर्षांची मुलगी मुद्दाम दाराशी बसायची, तिथून आई दिसायची म्हणून. बाई मोजकं बोलायची, पण कात्री अशी चालवायची की बघत राहावं.

वर्ग संपत आला तेव्हा एका कारखानदाराने शर्टाच्या कॉलरचं कापड दिलं. काम पसंत पडलं तर तो बायकांना कामावर घेणार होता. कापायचं काम मी डोळे झाकून तिच्याकडे दिलं आणि चहाला गेले. परत आले तर सगळ्या कॉलरी कापून झालेल्या, मापाच्या पुठ्ठ्याच्या कडेला अगदी चिकटून. शिलाईसाठी दोऱ्याइतकीही जागा सोडलेली नव्हती. 'चारी बाजूंनी अर्धं बोट सोडायचं' हे मी रोज घोकून घेत होते.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती हीच. जा, विड्याच वळ घरी बसून."

दार उघडंच होतं. पलीकडे मुलगी पाटी घेऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर गैरहजर राहिलं की जागा दुसरीला जायची. चौथ्या दिवशी बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या एका बोलण्याने दोन जागा रिकाम्या झाल्या."

संध्याकाळी पत्ता काढत तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. शेजारी मुलगी नखाने विड्यांची तोंडं दुमडत होती. मधेच खोकत होती. एवढ्याशा बोटाचं नख तंबाखूने पिवळं पडलेलं. मला बघून बाईने चटई टाकली, पाणी दिलं. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ते गप्प राहणं मला सोसवेना. मी तिची कात्री उचलली, ओल्या फडक्यातलं पान घेतलं आणि म्हटलं, "दाखव, कसं कापतात."

तिने पानावर मापाचा पत्रा ठेवून दिला. मी कापलं. आयुष्यभर कापडावर चाललेला माझा हात, त्याने पत्र्याभोवती अर्धं बोट जागा सोडली. दुसरं पान घेतलं, तेच. तिसऱ्याला मुलगी म्हणाली, "बाई, पान वाया गेलं. पत्र्याला लागून कापायचं असतं."

तिच्या आईने ते पान उचललं आणि त्यावर पत्रा ठेवून बघितला. मग म्हणाली, "तुमचा हात बी ऐकंना की, बाई."

"नाही ऐकत," मी म्हटलं. "तुझं कापताना चुकलं, माझं बोलताना. माझी चूक मोठी." डोळे भरून आले. तिच्यासमोर लपवण्यात अर्थ नव्हता.

मी निघताना तिने विचारलं, "त्या कॉलरींचं काय झालं?"

"लहान मापाच्या शर्टांना लावतोय. कारखानदार कुरकुरला, पण कबूल झाला."

तिने थोडा विचार केला. "बाई, पुठ्ठाच मोठा करा की. शिलाईची जागा धरून. मग मी पत्र्यावानी लागून कापते."

इतकी वर्षं शिकवतेय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हात बदला म्हणून मी बायकांच्या मागे लागले होते. बदलायचा होता तो पुठ्ठा. घरी येऊन मी नवे पुठ्ठे कापले. सकाळी दोघी दारात उभ्या होत्या. मुलगी सरळ बालवाडीच्या खोलीत गेली.

आता ती त्याच कारखान्यात कापणीला आहे. मुलगी दुसरीत आहे. परवा वही दाखवायला आली, तेव्हा अक्षराआधी मी तिचं नख बघितलं. स्वच्छ होतं.

सुट्टीच्या दिवशी आई अजून विड्या वळते. एका पगारात भागत नाही. तोंडं दुमडायला कुणी नसतं, म्हणून काम हळू होतं. मुलगी मदतीला शेजारी येऊन बसली की ती सूप उचलते आणि दुसरीकडे जाऊन बसते.