पाचवा शब्द आणि मामांची घंटी

समस्त मंडळीस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, निगडीच्या पलीकडे आणि देहूरोडच्या अलीकडे असलेल्या एका पत्र्याच्या चर्चमध्ये, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असलेली, दोन मुलांची आई असलेली एक बाई पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्याच्या, तीन पायऱ्या चढली. पत्रा उडाला नाही. वीज पडली नाही. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, हा त्यांचा हलगर्जीपणा. ती बाई मी.

आज मी हे हातवारे करत सांगते. लोक हसतात, मीही हसते. पण त्या दिवशी माझ्या हाताला असा घाम सुटला होता की, लिहून आणलेल्या कागदावरची शाई बोटांना लागली होती. मी उभ्या आयुष्यात तेवढी घाबरले नव्हते. बाळंतपणातही नाही, कारण तिथे निदान समोर तीनशे लोक बसलेले नसतात.

आमच्याकडची रीत आधी सांगते. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. प्रभूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार, त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो. एकेका शब्दावर एकेक जण पंधरा मिनिटं बोलतो, मध्ये गाणं, मध्ये प्रार्थना. कुणी कोणत्या शब्दावर बोलायचं हे कमिटी महिनाभर आधी ठरवते, आणि त्या महिन्यात मंडळीत जेवढे रुसवेफुगवे होतात तेवढे लग्नातही होत नाहीत. पहिला शब्द क्षमेचा. तो ज्याला मिळतो आणि ज्याला मिळत नाही, ते दोघं पुढे नाताळपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. सातवा पाळकसाहेबांचा. तिसऱ्या शब्दात प्रभू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो. त्यात आई आहे, म्हणून तो बायकांचा. महिला मंडळाची अध्यक्ष तो वाचून दाखवायची, बहुतेक वेळा नवऱ्याने लिहून दिलेला. आणि तोही पुलपिटावरून नाही. पुलपिटाखाली एक लोखंडी स्टँड आहे. सहलीच्या सूचना, हरवलेल्या छत्र्या आणि बायका, यांची जागा ती.

त्या वर्षी पाळकसाहेब नवीन आले होते. रावेतला एका घरच्या प्रार्थनासभेत त्यांनी मला बोलताना ऐकलं होतं, आणि त्यांना बिचाऱ्यांना आमचा इतिहास माहीत नव्हता. त्यांनी पाचवा शब्द माझ्या नावावर लावला. पाचवा म्हणजे तहानेचा.

आता मामा. मामा म्हणजे माझे सासरे. मंडळीतले ज्येष्ठ, निवृत्त टर्नर. नगर जिल्ह्यातून पत्र्याची एक ट्रंक घेऊन पिंपरीला आले, कंपनीत लागले, आणि रात्रपाळी करून दिवसा या चर्चच्या पायाभरणीत दगड टाकले. त्यांच्या प्रार्थनेच्या वहीत मंडळीतल्या प्रत्येक आजाऱ्याचं नाव असतं आणि पहाटे ते एकेका नावावर थांबतात. हे सगळं खरं आहे, म्हणूनच त्यांची भीती वाटायची. वाईट माणसाला घाबरणं सोपं असतं, त्याच्या नावाने मागून बोटं मोडता येतात. मामा चांगले होते.

आणि मामांकडे घंटी होती. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून दाबली की टिंग करणारी. गुड फ्रायडेला ते पहिल्या बाकावर बसायचे, समोर छोटं टेबल, टेबलावर मनगटातलं घड्याळ काढून ठेवलेलं, शेजारी घंटी. पंधरा मिनिटं झाली की टिंग. वक्ता वाक्याच्या मध्यावर असो की अश्रूंच्या. एकदा त्यांनी पाहुण्या बिशपसाहेबांवरही वाजवली होती, आणि बिशपसाहेब आमेन म्हणून निमूट खाली आले होते.

ही घंटी एकदा वेळेआधी वाजली होती. काही वर्षांपूर्वी महिला मंडळाची सेक्रेटरी माईक सरकवायला म्हणून पुलपिटाच्या पहिल्या पायरीवर चढली. एकच पाय. टिंग. सगळ्या चर्चने वळून पाहिलं. ती बाई लाल झाली, खाली उतरली, आणि पुढच्या रविवारपासून दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. अजून तिकडेच जाते. बाजारात भेटली की आमच्या रीतीने 'सलाम' म्हणते आणि भाजीकडे बघते.

पाचव्या शब्दाची बातमी घरी पोहोचली तेव्हा मी भाकरी थापत होते.

"काय ऐकतोय मी? पाचवा तुला?" मामा ताटावर बसत म्हणाले.

"हो मामा."

"बोल. बोलायला माझी ना न्हाई. पर खालून. बाईनं मंडळीत गप ऱ्हावं असं प्रेषितानं लिवलंय, ठावं हाय न्हवं?"

प्रेषिताने लिहिलेलं मला ठाऊक होतं. प्रभू कबरेतून उठला ही बातमी सगळ्यांत आधी कुणाच्या तोंडी दिली गेली तेही ठाऊक होतं. त्या बायका गप्प राहिल्या असत्या तर मामांना कसली ज्येष्ठपणाची खुर्ची आणि कसलं काय, असं सडेतोड उत्तर माझ्या जिभेवर आलं. मी म्हटलं, "भाकरी वाढू?"

"वाढ. आन् वर चढलीस तर पयल्या मिन्टाला घंटी वाजंल. सून म्हनून सूट न्हाई."

माझ्या नवऱ्याने डाळीच्या वाटीत असं लक्ष घातलं की जणू तिच्या तळाशी काहीतरी लिहिलेलं आहे. नंतर मला म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा राव. मी मधे नाही." मला राव म्हणायची त्याला सवय आहे, घाबरला की जास्तच.

आत्या, म्हणजे सासूबाई, कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. आत्या चर्चच्या बाबतीत कधीच काही बोलत नसत. लग्न होऊन आल्यापासून बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, खांबाला टेकून, डोक्यावर पदर. मी त्यांना तिथे शिंकतानाही ऐकलं नव्हतं. गाण्यातसुद्धा फक्त ओठ हलायचे. गुड फ्रायडेचं त्यांचं काम एकच. मामांचा तीन वाजेपर्यंत पाण्याशिवाय उपास असायचा. तीनचा ठोका पडला की आत्या पिशवीतून थर्मास काढायच्या आणि गुळाचा कोरा चहा, चपातीचा चतकोर मामांच्या हातात द्यायच्या. मामांनी जन्मात स्वतः चहा केलेला नाही. साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना अजूनही माहीत नसावं.

महिनाभर मी भीतीत काढला. चाकणला मी एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर उभी असते. वाहनांचे सुटे भाग समोरून येतात, त्यातला खराब बाजूला काढायचा. तिथे सुरक्षा सप्ताहात मी माईक हातात घेतला की मॅनेजरसुद्धा मागे सरकतात. मला माईक आवडतो, कबूल करते. आणि खरी भीती तीच होती. पहाटे कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी देवाला विचारायची, मी तुझ्यासाठी बोलणार आहे की माझ्यासाठी? मामांचं बरोबर असेल तर? मी नाचरी बाई, तुझ्या क्रुसाचाही रंगमंच करीन, असं तर नाही ना? उत्तर यायचं नाही. तळवडे यायचं, मग चाकण यायचं. एक दिवस तर मी भेग पडलेला भाग चांगल्या मालाच्या हिरव्या क्रेटमध्ये टाकला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

तो भाग शेजारच्या बाईने परत काढून दिला. "ताई, काय झालंय तुला?" तिने विचारलं. ती बौद्ध, पिंपरीची. तिच्या पलीकडची लातूरकडची. मी दोघींना सगळं सांगितलं, आणि बोलणार काय तेही सांगितलं. आमच्या लाइनवरच्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. बाटली असते, भरलेली असते, संध्याकाळी तशीच भरलेली घरी जाते. कारण बाथरूम शेडच्या दुसऱ्या टोकाला, आणि जायचं तर लाइनवर बदली माणूस मागायचा, आणि तो मागितला की सुपरवायझर सगळ्यांसमोर विचारतो, "परत?" म्हणून तहानच लागू द्यायची नाही, लागली तर गिळायची. तहानेच्या शब्दावर मला हेच सांगायचं होतं.

लातूरची हात थांबवून म्हणाली, "आमच्यावर बोलनार हैस? मग येताव की आमी."

"अगं, चर्च आहे ते. उपासना असते."

"मग काय झालं? आत घेत न्हाईत का?"

आता खराच घोटाळा झाला. आतापर्यंत मला पळून जाता आलं असतं. ताप येऊ शकला असता.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाषण म्हणून पाहिलं, ऐकायला आत्या. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. मी संपवलं, हात जोडून उभी राहिले. त्यांनी एक खडा शोधून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "गावाकडं मी दोन घागरी आनायची दीड कोसावरनं. वाटंत कदी प्याली न्हाई. घरी कमी पडंल म्हनून." एवढंच. मग परत ताटात डोकं.

"आत्या, मी वर चढू का खालून बोलू?"

त्या म्हणाल्या, "कुकर लाव."

मी ठरवलं, खालून बोलायचं. मला माझं चर्च हवं होतं. तिथेच माझं लग्न झालं, मुलांचे बाप्तिस्मे झाले. बाजारात भाजीकडे बघत मला सलाम म्हणायचं नव्हतं. घंटी वाजली असती तर मी परत त्या दारातून आत येऊ शकले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी पत्रा तापला होता. पंखे गरम हवा ढवळत होते. चर्च भरून लोक बाहेर मांडवात उभे होते. पहिला शब्द, टिंग. दुसरा, टिंग. तिसरा महिला मंडळाच्या अध्यक्षांनी खालून नऊ मिनिटांत वाचला, मामांनी खुशीत मान डोलावली. चौथा, टिंग. गाणं सुरू झालं, पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून खूण केली. मी लोखंडी स्टँडमागे जाऊन उभी राहिले.

मी उंचीला कमी आहे. स्टँडवरून मला पुढच्या दोन बाकांपलीकडे फक्त डोकी दिसत होती. मी टाचा उचलल्या. दाराबाहेर, मांडवाच्या कडेला त्या दोघी उभ्या होत्या. अर्धी सुट्टी टाकून, चांगल्या साड्या नेसून आल्या होत्या. त्याही टाचा उंच करून मला शोधत होत्या. लातूरची हाताने विचारत होती, कुठंय? पिंपरीची मान हलवत होती, दिसत नाही.

चार शब्दांतले तीन पुलपिटावरून बोलले गेले होते, सहावाही वरूनच बोलला जाणार होता. आणि आमची तहान हरवलेल्या छत्र्यांच्या जागेवरून. मामांच्या आजोबांना गावात देवळाच्या पायरीखाली उभं करायचे, हे मला मामांनीच सांगितलं होतं. ते आठवलं आणि मी आणखीच घाबरले, कारण मग खाली थांबायला कारणच उरलं नाही.

गाणं संपलं. मी पदर डोक्यावर नीट केला आणि चढले. एक. दोन. तीन. कुणीतरी श्वास आत ओढला, तो मला वरपर्यंत ऐकू आला. पुलपिटाची कड मी दोन्ही हातांनी पकडली. दाराबाहेरच्या दोघींना मी दिसले. मामांकडे मी बघितलं नाही.

"बहिणींनो आणि भावांनो," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, कुणा आजारी बाईचा होता. "प्रभूला तहान लागली. आणि ती त्यानं सगळ्यांसमोर बोलून दाखवली. शिपायांसमोर, हसणाऱ्यांसमोर. लाजला नाही. आमच्या लाइनवर आम्ही आठ बायका आहोत. आमच्या बाटल्या भरलेल्या असतात..."

इथे मी बघितलं. बघायला नको होतं. मामांचा उजवा हात घड्याळावरून उठला होता. सावकाश, अगदी नियमाने, एक मिनिट पूर्ण होऊ देऊन. तळवा घंटीवर येऊन थांबला. त्यांचा चेहरा रागीट नव्हता. दुःखी होता, आणि त्याने मी जास्त हादरले. ते खरोखर देवासाठी वाजवणार होते.

पुढचं वाक्य गेलं. कागदावरची शाई फुटलेली, काही वाचता येईना. तीनशे माणसं त्या एका हाताकडे बघत होती. पाळकसाहेब अर्धे उठले आणि तसेच राहिले. नवरा बुटांकडे बघत होता. मी त्या टिंगची वाट बघत डोळे मिटले.

बायकांच्या बाजूला तिसरा बाक करकरला. खांबाला टेकलेलं कुणीतरी उभं राहत होतं. थर्मास बाकावर आपटल्याचा आवाज झाला. आणि ज्या आवाजाला त्या चर्चच्या भिंती ओळखतही नव्हत्या, तो खणखणीत आला:

"अवो, आदी त्या घंटीवरचा हात काढा, न्हाईतर तीन वाजता उपास तुमचा तुमीच सोडा!"