आमच्या घरचं अर्थिंग म्हणजे एक पाट

पंडरीच्या आमच्या जुन्या घरात आज नवीन ओव्हन आला. त्याच्या दाराले हात लावला आन् मले करंट लागला.

मेन स्विच बंद करून, प्लग काढून बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागं तारच नाही! घराले अर्थिंगच नाही, ते भोक नुसतं शोभेचं.

सासरे शांतपणे म्हणाले, "चप्पल घाल म्हटलं असतं, पण स्वयंपाकघरात देव आहेत. पाटावर उभी राहा. तुह्या सासूबाई फ्रिज तसाच उघडत."

आन् मी येडी, फ्रिजसमोरच्या त्या पाटाले घरची रीत समजून राहिली होती!

"अर्थिंग करून घेऊ, मामाजी."

"काहून? इतक्या वर्षांत कोणाले काही झालं का?"

"मग आजची भाजी तुम्हीच गरम करा."

सासरे म्हणजे रिटायर्ड साहेब, ऐटीत उठले. ओव्हनपाशी जाऊन थबकले.

"पाट कुठं आहे?"

काढलेला प्लग तर मी परत लावलाच नव्हता.

उद्या वायरमन येऊन राहिला. तुमच्या घरचं अर्थिंग भिंतीत आहे, का बायकांच्या पायाखाली?