सासऱ्यांचे बैल आणि माझं इंजिन

सुरतेच्या एका शेठने कंटाळून काढलेली मोटार मी विकत घेतली, तेव्हा मला अक्कल कमी की जमीन जास्त, यावर आमच्या रनाळ्यात दोन तट पडले. सपाटीवर ती बरी धावायची. पण शहाद्याला बहिणीकडे जायचं म्हणजे तापी ओलांडणं आलं. पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूवर गवत अंथरून वाट केलेली असे, तिथवर सगळं ठीक. पलीकडची दरड चढताना मात्र आमची राणी मध्येच धापा टाकत उभी राहायची. आणि वरचं शेत कुणाचं, तर माझ्याच सासऱ्यांचं.

मोटारीचा आवाज ते लांबून ओळखत. आम्ही पाणी ओलांडेपर्यंत बैलांच्या दोन जोड्या घेऊन हजर. जावयाची मोटार सासऱ्यांचे बैल ओढताहेत, जावई चाक धरून आत बसलाय आणि बायको उतरून बापाबरोबर मागून चालतेय. तिला माझ्या मोटारीची लाज वाटते, असं मी धरून चाललो होतो. तिने माहेरी जायचं ते आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाता-येता तिथे उतरायचं नाही, हा माझ्या आईचा दंडक. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा सासऱ्यांचा.

बैलांशिवाय ती दरड चढायची, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. नंदुरबारला कापसाच्या जिनिंगची इंजिनं दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. इंजिन आपल्या दमाने जेवढी हवा ओढेल, तेवढंच पेट्रोल जळणार. बाहेरून हवा कोंबणारं यंत्र आपल्याकडे नाही, तेव्हा छातीच मोठी करायची. सिलिंडर आतून कापून रुंद करायचे आणि मोठे पिस्टन बसवायचे. भिंती किती पातळ होतील, असं मी विचारलं, तर त्यांनी नुसतं आभाळाकडे पाहिलं.

एवढं करूनही जोर वाढेना. मिस्त्री स्वतःवरच चिडले. छाती फुगवली, पण नाकपुड्या त्याच राहिल्या होत्या. मग त्यांनी हवा आत घेणाऱ्या कार्बोरेटरचं तोंडही रुंद केलं. त्यानंतर मोटार अशी गरजायला लागली, की आमच्या गल्लीतल्या म्हशींनी दोन दिवस दूध चोरलं.

त्यानंतरच्या खेपेला मी मोटार दरडीवर अशी घातली, की थांबायचं नावच नाही. बैल धरून उभे असलेले सासरे बाजूला झाले, त्यांच्या अंगावर धुरळा उडाला आणि आम्ही वर. मी विजयी वीरासारखा बायकोकडे वळलो. ती मागे बघत होती.

“बा तठे उभाच ऱ्हायना,” ती म्हणाली. बाप तिथेच उभा राहिला, एवढंच तिला दिसलं होतं.

मला राग आला. एवढा पराक्रम केला आणि हिला कौतुक नाही! दरड दिसेनाशी होईपर्यंत ती मागेच बघत राहिली. बहिणीच्या ओसरीवर हातपाय धुताना माझ्या टाळक्यात उजेड पडला. आखाजी ते आखाजी तिला बाप भेटायचा तो त्या दरडीवर, बैल मोटार ओढत असताना. तेवढीही भेट मी कापून टाकली होती. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या खेपेला सासरे दरडीवर नुसतेच बघायला उभे होते, बैल आणलेच नव्हते. अर्ध्या चढावर मी हळूच पेट्रोलची चावी फिरवली. इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. बायकोने चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरली. बैल आणायला बापलेक दोघंही गेली. हाकेच्या अंतरावरचं शेत, पण चांगला तासभर आली नाहीत.

आली तेव्हा सासरे खुशीत होते. दोर बांधता बांधता म्हणाले, “इतलं करीसन बी लागनात ना शेवट मन्हाच बैल?” एवढं करूनही शेवटी त्यांचेच बैल लागले, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“लागनात, मामा,” मी म्हटलं.